मतदानाला सात दिवस

२९ ऑक्टोबर १९६८, पहाटे २.३०, वॉशिंग्टन
व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल क्रेटन एब्रम्स सायगावहून गुपचूप व्हाईट हाऊसमध्ये दाखल. अध्यक्ष जॉन्सन विचारतात, उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली तर आपले सैनिक जास्त मरतील का? उत्तर : नाही. बेत तयार आहे. संध्याकाळी घोषणा, २ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये शांतता-वाटाघाटींची बैठक.

२९ ऑक्टोबर, पहाट
सायगावहून अमेरिकी राजदूत बंकर यांचा निरोप येतो. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिऊ वेळ मागत आहेत.

२९ ऑक्टोबर, सकाळ
जॉन्सन यांच्या हाती एक टिपण. वॉल स्ट्रीटवरची खबर अशी की, अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांचा गोट सायगावला अडून बसायला सांगतो आहे. घोषणा लांबते. दक्षिण व्हिएतनामच्या वकिलातीवर पाळत बसते.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ नंतर
अध्यक्षपदाचे तिन्ही उमेदवार जॉन्सन यांच्याशी एकाच वेळी फोनवर. वकिलातींमध्ये काही जण भलतेच सुचवत फिरताहेत, असे जॉन्सन सुनावतात. नाव घेत नाहीत.

३१ ऑक्टोबर, रात्री ८
दूरचित्रवाणीवर घोषणा. शुक्रवारी सकाळी ८ पासून बॉम्बफेक बंद. बैठक ६ नोव्हेंबरला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. सायगावला यायची मोकळीक आहे, एवढेच जॉन्सन म्हणतात. सायगावचा होकार मिळालेलाच नाही.

२ नोव्हेंबर, सायगाव
थिऊ संसदेत जाहीर करतात, ६ तारखेला आम्ही येणार नाही. दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला स्वतंत्र शिष्टमंडळाचा मान त्यांना मंजूर नाही. सभागृहात टाळ्या.

२ नोव्हेंबर, रात्री ९.१८, वॉशिंग्टन
एफबीआयचा अहवाल आला आहे. निक्सन यांच्यासाठी निधी जमवणाऱ्या ॲना शेनॉल्ट यांचा दक्षिण व्हिएतनामचे राजदूत बुई दिएम यांना निरोप : दम धरा, आपण जिंकणार. जॉन्सन सिनेटमधले रिपब्लिकन नेते डर्कसन यांना फोनवर सांगतात, हा देशद्रोह आहे.

३ नोव्हेंबर
निक्सन जॉन्सन यांना फोन करून कानांवर हात ठेवतात.

४ नोव्हेंबर, दुपार
परराष्ट्रमंत्री रस्क, संरक्षणमंत्री क्लिफर्ड आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार रोस्टो यांचा एकमुखी सल्ला : वाच्यता नको. जॉन्सन ऐकतात.

५ नोव्हेंबर
मतदान. निक्सन सुमारे ५ लाख मतांनी विजयी.

६ नोव्हेंबर
ठरलेली बैठक होत नाही.

पुढे टेबलाच्या आकाराच्या वादात आठवडे गेले. अमेरिका, दक्षिण व उत्तर व्हिएतनाम आणि मुक्ती आघाडी या चारही पक्षांची पहिली पूर्ण बैठक भरली ती २५ जानेवारी १९६९ रोजी, निक्सन यांच्या शपथविधीनंतर. शांतता करारावर सह्या झाल्या २७ जानेवारी १९७३ला. मधल्या काळात आणखी २० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी मृत्यू त्याच्या कितीतरी पट. निरोप गेला नसता तर थिऊ आले असते का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मतदारांपासून मात्र हा निरोप लपवला गेला, यावर वाद नाही.