चोरवाट कुठे सुरू होते, हा निम्माच प्रश्न

कुत्र्यांच्या जन्मजात शंटचे वर्गीकरण म्हणजे पुस्तकी काथ्याकूट, असे मानणारे पशुशल्यचिकित्सक पुष्कळ आहेत. त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो हात रक्ताळलेल्या माणसांचा आहे. आतड्यांचे आणि प्लीहेचे रक्त पोर्टल शिरेने यकृतात जायचे, ते एखाद्या चोरवाटेने, म्हणजे शंटने, परस्पर शरीराच्या मुख्य रक्ताभिसरणात शिरते, हा मूळ दोष. पग, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत ही वाट बहुधा यकृताबाहेर असते. लॅब्रॅडॉर किंवा आयरिश वुल्फहाउंडसारख्या मोठ्या जातींत बहुधा आत. रक्तात पित्ताम्ले वाढलेली, सोनोग्राफीत संशय आणि समोर पग. मग सीटीसाठी वेगळी भूल आणि मालकाला वेगळा खर्च कशासाठी? उजव्या मूत्रपिंडाच्या शिरेपासून यकृतापर्यंतच्या टप्प्यात महाशिरेला सहसा मोठी शीर मिळत नाही. तिथे मिळताना दिसली की तीच चोरवाट, ती बांधायची. पोट उघडल्यावर दिसेलच!

नियम खरा आहे, पण तो महाशिरेत उघडणाऱ्या वाटांपुरता. काही शंट मध्यपटलाच्या शिरेला मिळतात, काही मध्यपटल ओलांडून अझायगस शिरेला. त्या वाटा डावीकडे, जठर आणि अन्ननलिकेच्या आडोशाने जातात. नेहमीच्या जागी शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही, आणि तोवर यकृत दुबळे असलेला प्राणी भुलेखाली तिष्ठत राहतो.

त्याहून मोठी चूक शंट सापडल्यावर होते. माझ्यासमोर एकदा आठ महिन्यांच्या पगचे सीटी होते. जेवला की भिंतीला डोके टेकून उभा राहायचा, लाळ गळायची. पडद्यावर एकेक काप पुढे सरकवत मी त्या वाहिनीमागे गेलो. जठराच्या डाव्या शिरेजवळून निघालेली ती करंगळीएवढी वाट जठराला वळसा घालून मध्यपटलाकडे चढत होती. शेवटाच्या किंचित अलीकडे जठराचीच एक बारीक शीर तिला येऊन मिळत होती. शंट बंद करायला बसवायचे कडे त्या मिलनाच्या अलीकडे बसले असते, तर मूळ प्रवाह थांबूनही त्या बारीक शिरेचे रक्त यकृताला चुकवून तसेच पुढे गेले असते. अमेरॉइडचे कडे, म्हणजे धातूच्या चौकटीतले केसीन, आठवड्यागणिक फुगत वाहिनी बंद करते. ते कितीही चोख काम करो, बसवायची जागा चुकली तर निरुपयोगी.

म्हणून उगमावरून नाव देऊन थांबणे मला मान्य नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या 172 कुत्र्यांच्या सीटी अभ्यासात शंटची विभागणी उगम आणि शेवट या दोन्हींवरून केली होती. त्याआधी 2013 पासून व्हाइट आणि पॅरी यांनी लेखांमागून लेख लिहून दाखवले, की यकृताबाहेरचे शंट वाटेल तसे फुटत नाहीत. बहुतेक सगळे मोजक्याच ठरावीक रूपांत बसतात. प्रत्येक शंट आगळाच असतो, म्हणून वर्गीकरण फोल, हा दावा इथेच ढासळतो.

यकृताच्या आतल्या शंटसाठी डावा, मधला, उजवा हे तीन कप्पे रूढ आहेत. डावा म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी होती ती गर्भावस्थेतली वाहिनी, डक्टस व्हेनोसस, उघडीच राहिलेली. कप्पे टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण 2020 मधल्या एका सीटी अभ्यासात असे दिसले, की हे शंट बहुधा थेट महाशिरेत न उघडता यकृताच्या एखाद्या प्रमुख शिरेतून उघडतात. मानेच्या शिरेतून नळी घालून कॉइल सोडणाऱ्याला ‘उजवा’ एवढे कळून काय उपयोग? त्याला तोंड कोणत्या शिरेत आहे आणि तिथे महाशिरेची रुंदी किती, हे हवे असते. महाशिरेत बसवायच्या स्टेंटचे माप त्यावरच ठरते.

‘सोनोग्राफी पुरते’ म्हणणाऱ्यांसाठी एकच दाखला. 2013 च्या एका तुलनेत शंट आहे की नाही याचा योग्य निर्वाळा देण्याची शक्यता सीटीत सोनोग्राफीच्या 5.5 पट ठरली. शिवाय यकृताच्या जुनाट आजारात पोर्टल शिरेतला दाब वाढून मागाहून उगवलेले वाहिन्यांचे जाळे जन्मजात शंटपासून वेगळे ओळखता येणे हा जिवाचा प्रश्न आहे. ते जाळे दाबाला मोकळी वाट करून देत असते. ते बांधले तर प्राणी दगावू शकतो.

सीटीलाही मर्यादा आहेत. ते आकार दाखवते. वाट किती बंद केलेली यकृत सोसेल, हे सांगत नाही. शस्त्रक्रियेत पोर्टल दाब मोजणे त्यामुळे टळत नाही.

माझे म्हणणे अहवाल लिहिणाऱ्यांना आहे. ‘यकृताबाहेरचा एकेरी शंट’ एवढ्यावर सही करू नका. तो कोणत्या शिरेतून निघतो, कोणत्या शिरेत संपतो आणि संपण्याआधी शेवटची कोणती शीर त्याला मिळते, हे तिन्ही लिहा. कडे कुठे बसवायचे ते तिसऱ्या ओळीवरून ठरते.