स्क्वायर की फेंडर? एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग इलेक्ट्रिक गिटारमध्ये नेमका फरक काय

रेडमी घेताना आपल्याला माहीत असतं की मागे कंपनी शाओमीच आहे. इलेक्ट्रिक गिटारमध्येही असंच एक कुटुंब आहे. फेंडर ही अमेरिकन कंपनी आणि स्क्वायर हा तिचाच बजेट ब्रँड. दोन्ही नावांनी 'स्ट्रॅटोकास्टर' मिळते, दिसायलाही जवळपास सारखीच. पण स्क्वायरच्या खालच्या मॉडेलपासून अमेरिकेत बनलेल्या फेंडरपर्यंत किंमत कित्येक पट होते. हा पैसा नेमका कुठे जातो आणि आपल्या नागपुरात राहून पहिली गिटार घेणाऱ्याने काय करावं, ते आज बघू.

आधी थोडा इतिहास

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. स्क्वायर ही मुळात अमेरिकेतली तारा बनवणारी कंपनी. फेंडरने ती १९६५ मध्ये विकत घेतली. पुढे १९८२ मध्ये जपानमध्ये बनवलेल्या स्वस्त गिटारींना हे नाव दिलं गेलं. आज स्क्वायर प्रामुख्याने इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनते, फेंडरची 'प्लेयर' सिरीज मेक्सिकोतल्या एन्सेनाडा इथे आणि 'अमेरिकन प्रोफेशनल' कॅलिफोर्नियातल्या कोरोना इथे.

पायऱ्या अशा आहेत

- स्क्वायर सॉनिक: या यादीतली सगळ्यात खालची पायरी. पॉपलर लाकडाची बॉडी, सिरॅमिक पिकअप, २१ फ्रेट.
- स्क्वायर ॲफिनिटी: बॉडी पॉपलरचीच, पिकअपही सिरॅमिक. पण ट्रेमोलो दोन स्क्रूंवर टेकणारा आणि ट्यूनिंगच्या खुंट्या बऱ्या.
- स्क्वायर क्लासिक व्हाइब: जुन्या काळच्या मॉडेलसारखी बांधणी, ॲल्निको पिकअप.
- फेंडर प्लेयर २: २०२४ मध्ये आली. ॲल्निको ५ पिकअप, २२ फ्रेट, फ्रेटबोर्डच्या कडा गोल केलेल्या.
- फेंडर अमेरिकन प्रोफेशनल २: २०२० मध्ये आली. व्ही-मॉड २ पिकअप, हाडाचा नट, स्टीलचा ट्रेमोलो ब्लॉक, २२ फ्रेट.

आता गंमत बघा. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, पाचही पायऱ्यांवर २५.५ इंचच आहे. म्हणजे बोटांना जी सवय ॲफिनिटीवर लागेल, तीच अमेरिकनवरही चालेल. शिकण्याच्या दृष्टीने स्वस्त गिटार 'अर्धवट' नसते.

पिकअप म्हणजे काय, आणि महाग का?

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. हाच गिटारचा आवाज. सिरॅमिक चुंबक स्वस्त असतो आणि त्याचा आवाज बहुतेकांना थोडा कडक, टोकदार वाटतो. ॲल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू. त्याचा आवाज साधारण मऊ मानला जातो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा: सिंगल कॉइल पिकअप घरच्या विजेची घरघर पकडतोच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट किंवा रेग्युलेटरजवळ बसलं की 'हूऽऽम' ऐकू येतो. गिटार दोन लाखांची असली तरी ऐकू येतो. त्यासाठी महाग मॉडेल घेऊ नका, जागा बदला.

लाकडाची गोष्ट, आपल्या जंगलाशी जोडलेली

स्वस्त स्क्वायरच्या माहितीत फ्रेटबोर्डसाठी 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसेल. हे नाव परदेशी वाटतं, पण हे झाड म्हणजे विदर्भाच्या जंगलात उभा असलेला आपला ऐन! महाग मॉडेलमध्ये रोझवूड, म्हणजे शिसवाच्या जातीचं लाकूड येतं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक परवाने लागले आणि अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे ऐन आला याचा अर्थ लाकूड टाकाऊ आहे असा नाही.

मग खरा फरक कुठे?

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हातकामात आहे. फ्रेटची टोकं घासणं, नटच्या खाचा बरोबर खोलीच्या कापणं, मान सरळ करणं याला माणसाचा वेळ लागतो, आणि स्वस्त मॉडेलवर तो वेळ कमी दिला जातो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही फरक निघतो. नवशिक्याची बोटं दुखतात, सूर लागत नाही, त्याला वाटतं 'आपल्यालाच जमत नाही' आणि गिटार कपाटावर जाते. खरं तर तारा उंच असतात, एवढंच!

नागपुरात यात भर पडते हवेची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. रात्री त्याच खोलीत कूलरची ओली हवा, आणि जुलैत पावसाळी दमट. लाकूड सतत फुगतं-आकसतं, मान वाकते. ही परीक्षा फेंडरलाही द्यावी लागते. म्हणून गिटार कूलरसमोर कधीच टांगू नका. वाजवून झालं की केसमध्ये ठेवा.

घेताना हे तीन मोजा

१. मानेच्या कडेवरून बोट फिरवा. टोचत असेल तर दुसरा नग मागा.
२. सतराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते पट्टीने बघा. फेंडरचं स्वतःचं माप साधारण १.६ मिलिमीटर आहे.
३. सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. आठव्या फ्रेटपाशी साधारण पाव मिलिमीटर फट हवी. अजिबात नसेल किंवा खूप असेल, तर मानेतला ट्रस रॉड फिरवावा लागेल. एका वेळी पाव वळसाच, जास्त नाही.

ऑनलाइन मागवली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे तिन्ही करा.

माझा सल्ला

पहिली गिटार ईएमआयवर दोन लाखांची घेऊ नका. फोन तीन वर्षांत जुना होतो, स्ट्रॅटोकास्टरचा आराखडा सत्तर वर्षांनंतरही तोच आहे. ॲफिनिटी घ्या, उरलेल्या पैशातून जाणकाराकडून सेटअप करून घ्या आणि एक छोटा ॲम्प किंवा फोनला जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या. ट्यूनरसाठी फेंडर ट्यून हे मोफत ॲप पुरेसं आहे. बजेट थोडं जास्त असेल तर क्लासिक व्हाइब. तिचे पिकअप आणि फ्रेट बघता पुढची काही वर्षं बदलायची गरज पडणार नाही.

प्लेयर किंवा अमेरिकन कधी? जेव्हा तुम्ही स्टेजवर नियमित वाजवता, ट्रेमोलो वापरल्यावर सूर सुटतो हे तुम्हाला स्वतःला ऐकू येतं आणि सेटअप करूनही ती अडचण जात नाही, तेव्हा. तोवर तोच पैसा शिकवणीवर लावला तर आवाजात जास्त फरक पडेल.