धुराचा माग

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे नैयायिकांचे जुने अनुमान कोणालाही सहज पटते. परंतु धूर एका मुलखात आणि अग्नी दुसऱ्याच मुलखात असेल तर?

ऑगस्ट १८८३ मध्ये जावा व सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि सप्टेंबरात मद्रासकडील लोकांना सूर्य हिरवा दिसला. जगभरच्या अशा नोंदी जुळवून लंडनच्या रॉयल सोसायटीने आपला अहवाल काढला, तो १८८८ साली.

१ एप्रिल १९६० रोजी ‘टायरॉस’ हा हवामान-उपग्रह सुटला आणि आकाश वरून न्याहाळण्याची सोय झाली. पुढे १९९९ साली ‘टेरा’, २००२ साली ‘अक्वा’ आणि २०११ साली ‘सुओमी’ हे उपग्रह गेले. धुराचे कण सूर्यप्रकाश विखुरतात, म्हणून धूर त्यांना दिसतो. आग मात्र ते तिच्या अवरक्त उष्णतेवरून ओळखतात. म्हणजे नैयायिकांनी अनुमानाने जाणलेला अग्नी येथे प्रत्यक्ष झाला.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात या विद्येचा अर्थ विशेष आहे. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. वाऱ्याला ही वाटणी ठाऊक नाही. हिवाळ्यात तो बहुधा ईशान्येकडून वाहतो. तेव्हा नांदेडकडचा धूर बिदरवर आणि बिदरच्या उसाच्या फडात जाळलेल्या पाचटाचा धूर कलबुर्गीवर येऊ शकतो. शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी नकाशा पाहणे बरे, ते यासाठीच.

तथापि उपग्रहालाही मर्यादा आहेत. ढगांखालची आग त्याला दिसत नाही, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पेटून विझलेली आग नोंदीतून निसटते. ‘सुओमी’ची एक चौकट सुमारे ३७५ मीटर लांबरुंद, म्हणजे जवळजवळ पस्तीस एकरांची, तीत अनेकांची शेते सामावतात. त्या ठिपक्यावरून कोणालाही दोषी धरता येणार नाही.

पाचट जाळणाऱ्याचीही अडचण असते. मजूर मिळत नाहीत आणि पुढच्या पिकासाठी रान लवकर मोकळे करावयाचे असते. ते पाचट सरीत कुजविले तर जमिनीला खत आणि ओलावा मिळतो, हे त्याला बांधावर जाऊनच पटवावे लागेल. उपग्रह कोणत्या गावी जावे एवढेच सुचवितो. त्यापुढची वाट माणसाने चालावयाची आहे.