लिस्बनचं बंड फसलं असतं तर?

'जर-तर'चा इतिहास लिहिताना मी नोकरीतला एक नियम पाळतो. कोडमधला बग शोधताना एका वेळी एकच ओळ बदलायची. दहा बदलल्या, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. पोर्तुगीज साम्राज्याच्या बाबतीत मी बदलतो ती ओळ १ डिसेंबर १६४०ची.

त्याआधीचं थोडक्यात. १५७८मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियाव मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्यानंतर गादीवर आलेला वृद्ध कार्डिनल हेन्री १५८०मध्ये वारला. स्पेनचा दुसरा फिलिप आईकडून पोर्तुगीज राजा मॅन्युएलचा नातू. त्याने हक्क सांगितला, सोबत फौजही पाठवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिस्बन पडलं. पण गोवा, मलाक्का, ब्राझील स्पेनमध्ये विलीन झाले नाहीत. १५८१मध्ये तोमारच्या सभेत फिलिपने वचन दिलं, की पोर्तुगालचे कायदे, अधिकारी आणि वसाहती वेगळ्या राहतील. राजा एक, राज्यं दोन.

शत्रू मात्र सामाईक झाले. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डचांना लिस्बनची बंदरं वारंवार बंद झाली. मग ते मसाल्यासाठी थेट आशियात आले आणि १६०२मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. पुढे त्यांनी १६३०मध्ये ब्राझीलमधलं रेसिफे घेतलं, १६४१मध्ये मलाक्का. म्हणून सरसकट म्हटलं जातं, की स्पेनने पोर्तुगालचं साम्राज्य बुडवलं.

अर्धं खरं आहे. आता माझी ओळ बदलून बघू.

१६४०मध्ये कॅटलोनियात बंड पेटलं होतं. ते मोडायला स्पेनचा मंत्री ओलिवारेस याने पोर्तुगीज सरदारांनाही बोलावलं. त्यांनी उलट लिस्बनचा राजवाडाच ताब्यात घेतला आणि ब्रागांझाच्या ड्यूकला राजा केलं. समजा, कॅटलोनिया शांत असता, स्पेनची फौज मोकळी असती आणि हे बंड चिरडलं गेलं असतं. मग?

पहिला फरक १६४८मध्ये दिसतो. त्या वर्षी स्पेनने डचांशी तह केला. पोर्तुगाल स्पेनखाली असता, तर बहुधा त्याच्या वसाहतींनाही या तहाचं संरक्षण मिळालं असतं. प्रत्यक्षात पोर्तुगाल वेगळा झाला होता, म्हणून आशियात डचांशी त्याचं युद्ध चालूच राहिलं. कोलंबो गेलं १६५६मध्ये, कोची १६६३मध्ये. म्हणजे स्पेनशी जोडलं जाणं जसं महागात पडलं, तसं सुटणंही.

दुसरा फरक आपल्या दाराशी येतो. स्पेन पोर्तुगालचं स्वातंत्र्य मानत नव्हता. लिस्बनला इंग्लंडचा आधार हवा होता. म्हणून १६६१च्या तहात राजकन्या कॅथरीनचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं. आंदणात रोख रक्कम, टँजियर आणि मुंबई. गोव्याच्या व्हाइसरॉयने हरकत घेतली, चालढकल केली, पण १६६५मध्ये बेट द्यावंच लागलं. १६६८मध्ये चार्ल्सने ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं.

बंड फसलं असतं, तर हे आंदण नसतं. मुंबई वसईच्या कारभाराखालचं एक साधं बेट राहिली असती. आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा बहुधा मुंबईही मराठ्यांकडे आली असती. यापुढे मी जात नाही. शंभर वर्षांनंतर इतक्या ओळी बदललेल्या असतात, की अंदाजाला अर्थ उरत नाही.

ही नुसती कल्पना वाटत असेल, तर आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउता पाहा. १४१५मध्ये जिंकलेली ही पोर्तुगालची समुद्रापारची पहिली वसाहत. १६४०नंतर तिने नव्या राजाला मानलं नाही. १६६८च्या तहात ती स्पेनकडेच राहिली, आजही आहे. तिच्या झेंड्यावर मात्र लिस्बनसारखे काळे-पांढरे पट्टे आणि पोर्तुगीज धाटणीचं राजचिन्ह आहे.

सेउताने निदान आपली बाजू निवडली. मुंबईतल्या कोळी-भंडाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. लिस्बनच्या स्वातंत्र्याच्या बिलात त्यांचं बेट एका ओळीत चुकतं झालं. 'जर-तर'च्या खेळात आपण राजे आणि फौजा हलवतो, तेव्हा मी तरी आता आधी हे पाहतो, की बिल कुणाच्या नावावर फाटतंय.