खाड्यांच्या टोकाने

आमच्या आजोबांना मुंबई-गोवा रस्त्याचं कौतुक असं कधी वाटलंच नाही. खारेपाटणच्या पुलावर गाडी आली की शुक नदीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हयसर मचवे लागत." आम्हा पोरांना खाली गुडघाभर पाणी दिसायचं. म्हातारा थापा मारतोय असंच वाटे.

थापा नव्हत्या. मुंबईहून आगबोटीने विजयदुर्ग, तिथे हलत्या बोटीतून पडावात उडी, मग भरती धरून मचव्याने खाडीतून थेट खारेपाटण. "तेव्हा बोट हीच आमची एश्टी." पावसाळ्यात बोटी बंद. मग गणपतीला रेल्वेने कोल्हापूर गाठायचं आणि गगनबावड्याने खाली उतरायचं.

या रस्त्यावरची गावं ओळीने म्हणून पाहा. सावित्रीवर महाड, जगबुडीवर खेड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, शुकवर खारेपाटण, तेरेखोलवर बांदा. समुद्रापासून इतकी आत, तरी एकेकाळी माल उतरायचा तो इथेच किंवा जवळच्या बंदरावर. भरतीचं पाणी चढेल तिथवर गलबत, पुढे बैल आणि घाट: महाडहून वरंध, चिपळूणहून कुंभार्ली, राजापूरहून अणस्कुरा. इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती काही हवा खायला नव्हे. 1661 साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट तर 1008 सालचा.

महामार्गाला हीच गावं सोयीची. खाली खाडी रुंद, वर सह्याद्रीचा कडा. पूल बांधावा तर मधेच. पण दोन नद्यांच्या मधे डोंगराची सोंड आडवी येते, म्हणून कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट. आजीला गाडी लागायची ती याच चढउतारापायी. तोंडात आवळकाठी धरून ती डोळे मिटून बसे, पण पूल आला की नेमकी जागी होऊन खिडकीतून नाणं टाकी. सावित्रीला तर हात जोडी. आम्ही हसायचो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा ते हसू आठवलं.

कागदोपत्री सतराचा सहासष्ट झालेला हा रस्ता पनवेलहून पार कन्याकुमारीला जातो. आमच्या लेखी तो गावच्या फाट्याशी संपतो. कशेडीला आता बोगदा आहे, चिपळूणपुढेही रुंदी आलीय; पण पनवेल-इंदापूर टप्प्याचं 2011 साली सुरू झालेलं चौपदरीकरण इतकं रखडलं, की खड्डे चुकवायला कितीतरी चाकरमानी गणपतीत गाडी पुणे-कोल्हापूरकडे वळवू लागले आणि गगनबावड्याने खाली उतरू लागले. आजोबांचीच पावसाळी वाट. आता तिच्यासाठी सरकार टोलमाफीचे पासही देतं.