खंडीभर

दिवाळीच्या आदल्या दिवशी माझी नात वर्तमानपत्र चाळत होती. बाजारभावाच्या रकान्यापाशी ती थबकली आणि म्हणाली, "आबाजी, रुईचा भाव कँडीवर? कापसाची मिठाई करतात का हो?"

समोर फराळाचे डबे मांडलेले. तेव्हा तिचा घोटाळा क्षम्यच होता. मी म्हणालो, "अगं, ही कँडी मिठाईची नव्हे. ही आपलीच खंडी. साहेबाच्या घरी राहून आली, म्हणून तिचा पोशाख बदलला आहे."

गंमत अशी की मिठाईच्या कँडीचेही आजोळ आपल्याकडेच. संस्कृतातला 'खंड', म्हणजे साखरेचा खडा, फारसीत 'कंद' झाला आणि अरब व फ्रेंच यांच्या हातून इंग्रजीत पोचला. वजनाच्या खंडीची वाट मात्र निराळी. ती थेट आपल्या बंदरांतून पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या वह्यांत शिरली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तिला मानाची जागा आहे.

खंडी म्हणजे वीस मण, हे आम्ही लहानपणी घोकले. पण मण कोणता? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून खंडी ५६० पौंडांची. मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणून तिथली खंडी ५०० ची. आणि मुंबईच्या कापूसबाजाराची खंडी तर वीस नव्हे, अठ्ठावीस मणांची, ७८४ पौंडांची! नाव एक आणि मापे तीन. ज्याला तिन्ही पाठ, त्याचा फायदा. ज्याला एकच ठाऊक, त्याचे नशीब.

आमच्या वर्धा जिल्ह्याला हे माप चांगलेच परिचयाचे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी नावाजलेला होता. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातला कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे इकडे वळले. भाव आकाशाला भिडले आणि युद्ध सरताच कोसळलेही. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. मग वर्ध्याच्या रुईला मुंबईची वाट सोपी झाली. कापूस इथला, पण भाव ठरे मुंबईला आणि लिव्हरपूलला.

इकडे बोलण्यात मात्र खंडीचे माप केव्हाच सुटले होते. खंडीभर काम, खंडीभर पाहुणे, खंडीभर बाता! मोजता येणार नाही इतके, एवढाच अर्थ उरला. शब्द आमचा, आम्ही त्याचे वजन विसरलो आणि व्यापाऱ्याने ते पौंडापर्यंत जपून ठेवले.

याचा अर्थ मला दहा वर्षांचा असताना कळला. १९६० च्या सुमाराची गोष्ट. त्या साली पऱ्हाटी चांगली फुटली होती. आई दारातल्या ढिगाकडे बघून शेजारणीला कौतुकाने म्हणाली, "औंदा खंडीभर कापूस झाला बाई!" बाबांनी बंडी जुंपली, मीही सोबत गेलो. अडत्याने ओल म्हणून काही कापले, काडीकचरा म्हणून काही कापले, वर कडता. तेव्हा शेर-मण जाऊन किलो येत होते. कोणत्या मापाने किती गेले, ते बाबांना उमगले नाही. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आईने विचारले, "किती भरला?" बाबा खाली मान घालून म्हणाले, "घरी होता तोवर खंडीभर होता. काट्यावर मणांतच आला."

वाचकहो, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

खंडी अजून गेलेली नाही. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर. रुईचा भाव मात्र आजही खंडीवर बोलला जातो. ते जुने ७८४ पौंड आता सुमारे ३५६ किलो म्हणून लिहितात, इतकेच. कापसातून सरकी काढली की साधारण तिसरा हिस्सा रुई उरते. म्हणजे एका खंडी रुईमागे दहा क्विंटलांच्या वर कापूस लागतो.

नातीने हा हिशेब वर्तमानपत्राच्या कडेलाच मांडला. सरकीचे पैसे वेगळे धरायचे, हे तिचे तिलाच सुचले. तो कागद मी जपून ठेवला आहे. असा एक कागद त्या दिवशी बाबांच्या खिशात असता तर!

संध्याकाळी ती देवापाशी बसून नव्या कापसाच्या वाती वळत होती. मी विचारले, "किती झाल्या गं?"

"खंडीभर!" ती म्हणाली आणि लगेच जीभ चावून मोजू लागली, "थांबा हं, आबाजी. एकवीस."