वेसवार ते येसर

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या गच्चीवर चारदोन बिऱ्हाडांतील मंडळींनी मिळून कोळशाची शेगडी पेटविली होती. परातीत मांसाचे तुकडे, शेजारी दही आणि वाटलेला मसाला, आणि तो मसाला दोन्ही हातांनी तुकड्यांना चोळीत बसलेले लखनौकडील एक वडीलधारे सहकारी, असा सगळा थाट होता. चोळता चोळता ते मला सहज म्हणाले, “ही विद्या मोगलांबरोबर आली. तुमच्याकडे कालवणे असतील. सळईवर मांस भाजणे तुम्हांला काय ठाऊक?” यावर दुसरे एक गृहस्थ उसळून म्हणाले की, जगात जे जे चांगले आहे ते आपल्याकडूनच गेले, मग कबाब तेवढा मागे कसा राहील? वाद पुष्कळ रंगला. पुरावा मात्र कोणापाशीच नव्हता. मांस भाजून होईपर्यंत वाद टिकला आणि पहिला घास तोंडात पडताच मिटला.

माझ्यापुरता तो मिटला नाही, याला कारण माझ्या फडताळातील येसराचा डबा. मी लातूर जिल्ह्यातील निलंग्याकडचा. हरभऱ्याची डाळ, गहू, धने, जिरे, मिरे, लवंगा असे जिन्नस निरनिराळे भाजून एकत्र दळले, की आमच्याकडचा येसर होतो. तो पाण्यात कालवून केलेली आमटी हे परगावी राहणाऱ्या आम्हां मुलांचे माहेर होय. आमच्या घरात मांस कधी शिजले नाही. त्यामुळे कबाबाच्या वादाशी या डब्याचा काही संबंध असेल, हे मला स्वप्नातही खरे वाटले नसते. पण शब्दांचा माग काढण्याची खोड वाईट. ‘येसर’ हा ‘वेसवार’ या संस्कृत शब्दाचा वंशज. अमरकोशात वेसवाराचा अर्थ उपस्कर, म्हणजे अन्नाला चव आणणारा मसाला, असा दिला आहे. सुश्रुतसंहितेत मात्र वेसवार म्हणजे अस्थिरहित मांस शिजवून, पुन्हा वाटून, त्यात पिंपळी, सुंठ, मिरे, गूळ व तूप घालून सिद्ध केलेला पदार्थ. एकाच शब्दाच्या पोटात एकीकडे मसाला, दुसरीकडे मसाल्याने माखलेले मांस! आमच्या सोवळ्या आमटीचे नाव अशा घराण्यातले निघाले.

मग सळईचा शोध घेणे प्राप्तच झाले. पाणिनीने ‘शूल्य’ आणि ‘उख्य’ हे दोन शब्द सिद्ध करण्यासाठी एक सूत्र रचले आहे. शूलावर भाजलेले ते शूल्य आणि उखा म्हणजे हंडी, तीत शिजविलेले ते उख्य. व्याकरणकार न घडणाऱ्या गोष्टींसाठी सूत्रे रचीत नाहीत. सुश्रुतानेही मांसाच्या प्रकारांत शूल्याची गणना केली आहे. तेव्हा सळईवरचे मांस मोगलांबरोबर आले, हे म्हणणे टिकत नाही. पण म्हणून दुसऱ्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरते असेही नाही. ‘कबाब’ हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आला, आणि शब्द येतात तेव्हा ते सहसा रिकाम्या हाताने येत नाहीत. काय जुने होते आणि काय नवे आले, हे ठरविण्यास मसाल्याचा हिशेबच पाहावा लागतो. आणि हिशेब म्हटला की आम्हां कारकुनांना थोडा धीर येतो.

सुदैवाने असे दोन हिशेब उपलब्ध आहेत. पहिला कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी हा ग्रंथ 1909 साली छापून प्रसिद्ध केला. त्यातील कोष्ठागाराध्यक्षाच्या, म्हणजे कोठाराच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात मांसाला लागणाऱ्या जिनसांचे प्रमाण दिले आहे. वीस पळे मांसास अर्धा कुडुब स्नेह, एक पळ मीठ, एक पळ क्षार, दोन धरण कटुक आणि अर्धा प्रस्थ दही. येथे क्षार म्हणजे काकवी, गूळ, खडीसाखर हा वर्ग, आणि कटुक म्हणजे पिंपळी, मिरे, आले, जिरे, पांढरी मोहरी, धने इत्यादी. दहा धरणांचे एक पळ होते. म्हणजे मीठ मांसाच्या विसाव्या हिश्श्याचे, गोडही तेवढेच, आणि तिखट जिनसा अवघ्या शंभराव्या हिश्श्याच्या. दही स्नेहाच्या चौपट. हे प्रमाण सर्वच मांसासाठी आहे, केवळ भाजण्याच्या नव्हे; तरी दही, स्नेह, मीठ आणि मसाला ही जोडणी पाहिल्यावर त्या गच्चीवरील परात डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

दुसरा हिशेब अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तील. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याच्या बाबींत कबाबाचा शिधा नोंदलेला आहे. दहा शेर मांसास अर्धा शेर तूप. मीठ, ओले आले आणि कांदा प्रत्येकी अर्धा शेर. जिरे, धने, मिरे, वेलदोडे आणि लवंगा प्रत्येकी दीड दाम. अकबराचा शेर तीस दामांचा होता. गणित मांडले तर मीठ पुन्हा विसाव्या हिश्श्याचे! पाटलिपुत्राचे कोठार आणि आग्र्याचा मुदपाकखाना यांच्यात राज्ये बुडाली, भाषा बदलल्या, पण मिठाची ओळ जशीच्या तशी राहिली. बदलले ते मसाल्याचे. पाच सुक्या जिनसा मिळून साडेसात दाम, म्हणजे मांसाचा चाळिसावा हिस्सा, कौटिल्याच्या अडीचपट. त्याच्या यादीत नसलेले कांदा, लवंग, वेलदोडा येथे आहेत; त्याचा गूळ आणि दही येथून गेले आहेत. जिरे, धने, मिरे आणि आले दोन्हीकडे आहेत. आणि आज जिच्यावाचून आपला मसाला लाल होत नाही ती मिरची दोन्हीकडे नाही. पोर्तुगीज जहाजांतून उतरलेली ती पाहुणी बादशहाच्या पाकशाळेच्या या यादीपर्यंत तोवर पोचलेली नव्हती.

एवढे टिपण हाती आल्यावर प्रयोगाची हौस आवरेना. त्या लखनवी सहकाऱ्यांना मी आईनचे प्रमाण आजच्या मापात मांडून दिले. एक किलो मांसास तूप, मीठ, आले, कांदा प्रत्येकी पन्नास ग्रॅम. पाच मसाले प्रत्येकी पाच ग्रॅम. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या समंजसपणाने काही न बोलता सर्व चोळून ठेवले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मांस इतके खारट झाले की खाववेना. “बादशहा हे खात होता?” त्यांनी विचारले.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी कचेरीत, जिन्नसवारीची नोंदवही पुढे ओढताना सुचले. कौटिल्य काय किंवा अबुल फजल काय, दोघेही स्वयंपाक सांगत नाहीत. कोठारातून किती शिधा द्यावा ते सांगतात. कोठीतून निघालेले सर्व मीठ मांसाला लागतेच असे नाही. काही पाण्याबरोबर गळते, काही रसाबरोबर निखाऱ्यावर पडते, काही वाटेत कुठे जाते ते प्रत्येक कोठीवाल्यास माहीत असते. मंजूर झालेला आकडा आणि खर्ची पडलेली वस्तू यांतील अंतर दोन हजार वर्षांत मिटलेले नाही, एवढाच त्या खारट कबाबाचा अर्थ मी घेतला.

मग चोळण्याची खरी रीत कोणी सांगितली? ती सांगितली एका खाणाऱ्याने. निलंग्यापासून फार दूर नाही अशा कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणात, राज्य करणाऱ्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराने शके 1051 मध्ये, म्हणजे 1129 साली, ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या अन्नभोग प्रकरणात वजने जवळजवळ नाहीतच; आहे तो क्रम. भडित्रकासाठी मांसखंडांना छिद्रे पाडून त्यांत मसाला भरावयाचा आणि मग शूलावर भाजावयाचे. वराहमांस निखाऱ्यावर भाजून त्यावर सैंधवाची व मिऱ्यांची पूड घालावयाची. यकृताचे सुपारीएवढे तुकडे करून आधी निखाऱ्यावर भाजावयाचे, मग तेलात मसाल्यासह परतावयाचे आणि शेवटी दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडावयाचे. ठिकठिकाणी हिंगाचे पाणी आहेच. यामागची समज बारीक आहे. कोरडी पूड उघड्या निखाऱ्यावर धरली की करपते आणि कडवटते; म्हणून ती मांसाच्या आत दडवावी किंवा भाजून झाल्यावर वरून शिंपावी. मिऱ्यांचा सुवास उडून जाणारा. म्हणून तो शेवटी. आंबट दही गरम तुकड्याला चटकन धरते. म्हणून तेही शेवटी. कोठीवाला किती ते सांगतो. खाणारा केव्हा ते सांगतो. चव ‘केव्हा’त असते.

हा ग्रंथ आपल्या हाती आला तो बडोद्यामुळे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले. पहिला खंड 1925 साली, दुसरा 1939 साली आणि तिसरा 1961 साली निघाला. कल्याणीच्या राजाची पाकशाळा गुजरातेत बसलेल्या मराठी संस्थानाच्या आश्रयाने एका मराठी पंडिताने उघडावी, यात आपणां परप्रांतवासी मराठी माणसांना थोडे समाधान वाटावयास हरकत नाही. त्याच ग्रंथाच्या गीताच्या प्रकरणात आणखी एक नोंद आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वर सांगतो. पाकशाळेतील रीत त्याने लिहून ठेवली, आणि उखळाशी बसलेल्या बायकांचा आवाजही त्याच्या कानी होता. त्या बायकांनी मात्र आपली रीत कोठे लिहिली नाही.

ही नोंद वाचली त्या रात्री मी आईला फोन केला. तिला आता उखळ-जात्यापाशी बसवत नाही. यंदाचा येसर तिने शेवटचा म्हणून केला आहे, असे वहिनीने मागेच कळविले होते. मी कागद-पेन्सिल घेऊन प्रमाण विचारले. डाळ किती, धने किती, मिरे किती?

“आरं, मापानं कुठं येसर होतो का?” आई म्हणाली. “आधी डाळ भाज. ती लाल झाली की काढ. मग गहू. धनं मागून, मंद जाळावर. मिरं-लवंगा सगळ्यात शेवटी, विस्तव काढल्यावर, नुसत्या कढईच्या उबंवर. न्हाई तर वास उडून जातो.”

माझ्या कागदावर आकड्यांसाठी आखलेला रकाना रिकामाच राहिला. मी तो खोडला आणि तिने सांगितला तसा क्रम लिहून घेतला.